मागून मारलेली हाक

पोरांनो, चपला काढून ठेवा आणि आपण अनवाणी आहोत असं समजा. पायाखाली काळ्या रानातली मार्गशीर्षाची ढेकळं आहेत, दवानं वरून ओली आणि आतून दगडासारखी. हातात तुमच्या उंचीएवढी बाभळीची काठी आहे. तिच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आहे. डाव्या-उजव्या बाजूला अकरा पोरं उभी आहेत आणि त्यातल्या एकाशी तुमची दोस्ती आहे. आता पाऊण कोस पळायचं आहे, सगळ्यांच्या पुढं. दोस्ताच्याही पुढं.

उभं राहिलं डोळ्यांसमोर? मग आता तुमच्या जागी तुळजा उभी आहे असं समजा. बारा वर्षांची, काटकुळी, गुडघ्यावर खरचटल्याच्या दोन जुन्या खुणा असलेली. साल १९५२.

केदारखेड्याच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठी, वाळूखेडा नावाचं तिचं गाव होतं. पावसाळा सरला की नदी आटत जायची आणि पात्रात ओल्या वाळूचे तुकडे उघडे पडायचे. त्या वाळूत चर खणायचा, तळाशी शेणखत घालायचं, टरबूज-काकडीचं बी टोचायचं. मग उन्हाळाभर वेल फळायचे. पात्र कुणाच्या मालकीचं नव्हतं. त्यावरून मोठ्या माणसांनी कुऱ्हाडी काढू नयेत म्हणून गावानं फार पूर्वी रीत पाडली होती. घरटी एक पोर पळवायचं, मिसरूड न फुटलेला पोरगा नाहीतर पदर न आलेली पोरगी. पोरानं नदीत जाऊन काठी वाळूत रोवायची आणि हात सोडून मागं सरायचं. पाटील येऊन बघेपर्यंत काठी आपली आपण उभी राहिली तर तो तुकडा त्या घराचा. पाटील एकच शब्द म्हणायचे, "रोवली." त्यानंतर कुणी बोलायचं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत चर पुरा खणून झाला पाहिजे. नाही झाला तर तुकडा दुसऱ्या नंबरच्या काठीचा.

एरवी असे आठ-दहा तुकडे निघायचे. त्या साली पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. नदीत एक डोह तेवढा राहिला आणि डोहाला लागून ओल्या वाळूचा एकच तुकडा.

तुळजाचा बाप पुंजाराम तेव्हा बाजेवर पडून होता. त्याच्या उजव्या घोट्याला नारू निघाला होता. नारू तुम्ही पाहिलेला नाही, बरं झालं. विहिरीच्या पाण्यातून पोटात गेलेला दोऱ्यासारखा जंत वर्षभरानं पायाला फोड करून बाहेर येतो. त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज सकाळी एकेक वेढा द्यायचा. ओढला आणि तुटला की पाय सडतो.

तुळजाची आई गोजरबाई रोज पायावर कोमट पाणी घालून काडी फिरवायची आणि पुंजाराम दात आवळून छताकडं बघायचा.

"बास कर," तो म्हणायचा.

"अजून अर्धा वेढा येऊन राह्यला."

"येऊ दे उद्या. ओढू नको म्हणतो ना. गुंडाळायचा असतो त्यो."

पुंजाराम तरुणपणी भोकरदनहून राजूरला टपालाची थैली घेऊन पळायचा. लहानपणी त्यानं लागोपाठ तीन वर्षं काठी रोवली होती. आता त्याला परसात जायलासुद्धा गोजरबाईच्या खांद्यावर हात ठेवावा लागायचा. डोहाचा तुकडा मिळाला तर घर गावात राहणार होतं. न मिळाला तर गोजरबाई तुळजाला घेऊन सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जाणार होती आणि पुंजारामला त्याच्या मेहुण्याच्या ओसरीवर टाकावं लागणार होतं. मेहुणा तसा निरोप धाडून बसला होता. "आणा. पण बाज तुमची तुमी आणा."

हा बाजेचा निरोप पुंजारामला नारूपेक्षा जास्त ठसठसायचा.

शर्यतीच्या आधी तीन आठवडे त्यानं तुळजाला शिकवायला घेतलं. बाज अंगणात ओढून घ्यायची, डोळे मिटायचे आणि तिला घराभोवती पळवायचं. तो तिच्याकडं बघायचा नाही. नुसता ऐकायचा.

"तोंड उघडलंस."

"न्हाई बा."

"मला ऐकू येऊन राह्यलं ना. दम नाकात ठेव. पुढच्याला तुझा दम ऐकू आला की त्याला बळ येतं. दम ऐकू नाही आला तर त्याला वाटतं, ही पोरगी आहे का भूत."

तुळजा हसायची, पुन्हा फेरी घ्यायची.

"पुढच्याच्या पायाकडं बघायचं न्हाई. पाय खोटं बोलतात. खांद्याकडं बघ. थकला की खांदे कानाकडं चढतात. चढले की समज, ह्यो आपला."

"मंग पळत सुटू?"

"बिलकुल न्हाई. हा नारू बघ. ओढला की तुटतो. तसंच माणसाला मागून गुंडाळायचं, एकेक वेढा. ह्या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत दोन पावलं कमी करायची. पुढच्या बाभळीपर्यंत अजून दोन. त्याला कळूसुद्धा न्हाई पाह्यजे. आणि त्यानं मागं वळून बघितलं की त्याच वक्ताला पुढं निघायचं. दहा पावलं जोरात, तोंड मिटून. मंग परत आपली चाल."

उकिरड्याजवळच्या ओल्या मातीत तो तिच्याकडून काठी रोवून घ्यायचा. दोन्ही हातांनी उचलायची, अंगाचं सगळं वजन टाकून खाली मारायची आणि पिळून आत घालायची.

"पहिला आला म्हणून कुणी रोवत न्हाई. माझ्या वक्ताला तुकाराम सुतार दोनदा पहिला आल्ता. दोन्ही वेळा त्याच्या हातात जीवच न्हाई राह्यला. काठी ठेवली, पडली. पाय संपले तरी चालंल, हात शिल्लक ठेव. पळताना मूठ आवळू नको."

तुळजा शेण गोळा करायला जाताना पळायची, पाण्याला जाताना पळायची, शेळ्यांमागं पळायची. शेळ्या ती कचरूबरोबर चारायची.

कचरू सगुणाबाईचा मुलगा. तेरा वर्षांचा, लांब पायांचा. गावात त्याच्याइतकं कुणी पळत नव्हतं. त्याचा बाप जगन्नाथ निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या भादव्यात, मीठ आणतो म्हणून, अंगावर काळी घोंगडी घेऊन राजूरला गेला तो आलाच नाही. कुणी म्हणालं गोळी लागली, कुणी म्हणालं ओढ्याच्या पुरात गेला. मढं सापडलं नाही. त्यामुळं सगुणाबाई कुंकू लावायची आणि गावातल्या बायका तिच्या कुंकवाकडं बघून नजर फिरवायच्या. चार वर्षं ती कुठं मजुरीला परगावी गेली नव्हती. "दाराला कुलूप दिसलं तर माघारी जातील," म्हणायची.

पहिली दोन वर्षं पोरांनी कचरूचा खेळ केला होता. तो पुढं चालला असला की मागून ओरडायचं, "कचऱ्या, बाप आला रे!" तो दरवेळी वळायचा. शंभरदा फसला तरी वळायचा. मग पाटलांनी एका पोराच्या पाठीत चिंचेचा फोक ओढला, तेव्हा ते थांबलं. तुळजा कधीच तसं ओरडली नव्हती.

"यंदा तू पळून राह्यलीस म्हणे," कचरू एकदा शेळ्या राखताना म्हणाला.

"व्हय."

"बराबर. मी पहिला, तू दुसरी. गज्या पाटील तिसरा. त्याला लई तूप चारून राह्यलेत."

"एकच तुकडा हाय, कचरू."

तो पायातला काटा काढत बसला. मग म्हणाला, "माझी माय न्हाई जाणार खडी फोडायला. तिला दार उघडं ठेवायचंय."

"आणि माझा बा?"

 त्यानं काटा काढून तिला दाखवला, केवढा मोठा निघाला म्हणून.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पुंजारामनं तुळजाला बाजेपाशी बसवलं. एकेका पोराची चाल त्यानं तिच्याकडून म्हणवून घेतली. पाटलांचा नातू गजानन सुरुवातीला फार जोरात सुटतो, त्याला ओढ्यापर्यंत जाऊ द्यायचं. सुताराचं पोर चढाला चालतं. बाकीच्यांकडं बघायचंच नाही.

"आणि कचरू?" तुळजानं विचारलं.

पुंजारामनं काडीवरचा वेढा बोटानं चाचपला.

"कचरू गुंडाळला जायचा न्हाई तुझ्यानं. खरं ते सांगतो. त्याचा दम तुझ्या दुप्पट हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नदीच्या दरडीपाशी त्यो तुझ्या पुढं असला, तर मागून हाक मार. म्हण, कचरू, तुझा बाप आला. राजूरच्या वाटंनं."

चुलीपुढं भाकरी थापणारे गोजरबाईचे हात थांबले.

"काय शिकवून राह्यलात लेकराला?"

"शर्यत शिकवून राह्यलो."

"लाज वाटू द्या जरा. हिच्या वेळचं माझं बाळंतपण सगुणाबाईनं केलंय."

"धक्का द्यायचा न्हाई, पाय घालायचा न्हाई, एवढंच पाटील सांगतात. हाक मारायची न्हाई असं कुणी सांगितलं?" पुंजारामचा आवाज चढला. "जा, घेऊन जा मला तुझ्या भावाच्या ओसरीवर. बाजेसकट."

गोजरबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती कडेला फाटली.

पुंजाराम तुळजाकडं वळला. "पोरं वरडायची ती चेष्टा व्हती. त्याला म्हाईत हाय. तू कधी वरडली न्हाईस. तुझं त्याला खरं वाटंल."

"मी न्हाई वरडणार, बा."

"नको वरडू," पुंजाराम म्हणाला. "पुढं असलीस तर कशाला वरडायचं?"

सकाळी मारुतीच्या पारावर बारा पोरं उभी राहिली. पाटलांचा गडी तांब्याचं घंगाळ घेऊन उभा होता. काकासाहेब पाटील स्वतः छत्री घेऊन नदीत आधीच जाऊन बसले होते. गजाननच्या काठीला जरीचा तुकडा होता.

"ए तुळजे," गजानन म्हणाला, "तुझ्या बापाला बाजेवरनं दिसंल का गं? का खाली उतरवायचा?"

पोरं हसली. कचरू हसला नाही. त्यानं तुळजाच्या काठीची चिंधी सैल झाली होती ती आवळून दिली.

घंगाळावर टोला पडला.

गजानन सुटला तो बैल सुटल्यासारखा. त्याच्यामागं धूळ, धुळीमागं कचरू, कचरूमागं चार-पाच पोरं आणि मग तुळजा. तिचे पाय म्हणत होते पळ. तिनं पळू दिलं नाही. मुठी सैल, दम नाकात. गावाबाहेरच्या पहिल्या बाभळीपर्यंत ती सातवी होती. दुसऱ्या बाभळीपर्यंत पाचवी. सुताराचं पोर चढाला लागलं आणि खरंच चालायला लागलं. तिच्याकडं बघून म्हणालं, "मर." ती पुढं गेली.

ओढ्यात उतरताना कचरूनं गजाननला मागं टाकलं. ओढ्यातून वर चढताना गजाननचे खांदे कानाकडं चढले. तुळजाला ते दिसलं. बाजेवर पडून, डोळे मिटून बाप बोलला होता ते तिच्यापुढं जसंच्या तसं पळत होतं. एक वेढा. अजून एक. गजाननचा दम आता मोडक्या भात्यासारखा ऐकू येत होता. त्यानं मागं वळून पाहिलं. त्याच क्षणी ती निघाली, दहा पावलं, तोंड गच्च मिटून. गजाननच्या तोंडून नुसतं "आँ?" एवढंच बाहेर पडलं.

आता पुढं फक्त कचरू.

पन्नास पावलं होती. ढेकळांचं रान संपेपर्यंत तिनं त्याची चाळीस केली. बांधावरच्या लिंबापर्यंत तीस. मग तीसच राहिली. ती जोर लावायची तेवढाच तोही लावायचा, मागं न बघता. त्याचे खांदे खाली होते, मोकळे. तो गाणं म्हणत चालल्यासारखा पळत होता. तुळजाच्या डाव्या कुशीत सुरी फिरायला लागली. तोंड आपोआप उघडलं. जिभेला धुळीची चव आली.

नदीची दरड आली. खाली डोह चकाकत होता आणि डोहाशेजारी काकासाहेबांची काळी छत्री. दरडीवरून खाली गेलं की शंभर पावलं वाळू. कचरू दरडीच्या कडेला पोचला. उजव्या हाताला राजूरहून येणारी गाडीवाट दरडीच्या वरून दिसायची. वाट रिकामी होती.

"कचरू!"

तो वळला नाही.

"कचरू, तुझा बाप आला! राजूरच्या वाटंनं!"

पोरांनो, तिनं ते ठरवून केलं का आपोआप तोंडातून गेलं, हे तिला पुढं पुष्कळांनी विचारलं. तिनं आधी दम घेतला होता. एवढं तिला आठवत होतं.

कचरू थांबला. पळता पळता भिंत लागावी तसा. तो वळला तेव्हा त्याचं तोंड तेरा वर्षांच्या पोराचं नव्हतं. फार लहान पोराचं होतं. तुळजा त्याच्या बाजूनं दरडीवरून घसरत खाली गेली. मागं काठी पडल्याचा आवाज झाला. तिला वाटलं तो आता मागून येईल, शिव्या देत येईल. पण पावलं आली नाहीत. त्याची पावलं नदीकडून दूर, वर, वाटेकडं गेली.

वाळूत तिचे पाय रुतत होते. डोहाशेजारी पोचल्यावर तिनं काठी दोन्ही हातांनी वर उचलली. हात शिल्लक होते. काठी वीतभर आत गेली, मग पिळून हातभर. ती मागं सरली. चिंधी वाऱ्यावर हलली, काठी हलली नाही.

काही वेळानं गजानन आला, तिच्याशेजारी काठी टेकवली आणि वाळूत ओकला.

काकासाहेब उठले, छत्री मिटली, काठीला तिचं टोक लावून पाहिलं.

"कचऱ्या पुढं व्हता ना? कुठं गेला?"

तुळजानं खाली वाकून पायाची वाळू झटकली.

"पुंजारामची पोर हाय. डोकं बापाचं हाय," पाटील म्हणाले आणि नातवाकडं बघून जमिनीवर थुंकले. "रोवली."

बातमी तिच्याआधी घरी पोचली. शेजारची पोरं ओरडत अंगणात घुसली, "रोवली! तुळजीनं रोवली!" पुंजाराम बाजेवर होता, गोजरबाई त्याच्या पायावर पाणी घालत होती, काडी तिच्या बोटात होती. "रोवली?" म्हणत तो ताडकन उठला आणि त्यानं उजवा पाय जमिनीवर टाकला.

गोजरबाईच्या हातात काडी राहिली. काडीला गुंडाळलेला चार बोटं पांढरा दोरा राहिला. उरलेला आत गेला.

तुळजा दारात आली तेव्हा दोघंही त्या काडीकडं बघत होती. पुंजारामनं मान वर केली. त्याचे डोळे ओले होते, तो हसत होता.

"वरडावं लागलं?"

तुळजानं होकाराची मान हलवली. गोजरबाई उठून आत गेली.

संध्याकाळपर्यंत पाय पोटरीपर्यंत सुजला. सकाळी तो मांडीएवढा झाला होता आणि पुंजाराम तापानं फणफणला होता. गोजरबाईनं रुईची पानं गरम करून बांधली, फावडं घेतलं आणि तुळजाला म्हणाली, "पाटी घे. दिवस मावळायच्या आत चर व्हायला पाह्यजे. दोघीच हाओत."

त्या निघणार तोच सगुणाबाई अंगणात आली. तिनं केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. कपाळावरचं कुंकू एरवीपेक्षा मोठं होतं. ती शर्यतीबद्दल बोललीच नाही.

"तुळजे, माय," ती तुळजाचा हात धरून म्हणाली, "कचरू रात्री सांगून राह्यला. त्याला वाटंवर कुणी गावलं न्हाई. म्हणला मला उशीर झाला असंल, ते माघारी वळले असतील. लोकांना तोंड दाखवायला लाजत असतील. चार वर्षं झाली ना. तू पाह्यलंस ना? अंगावर काय व्हतं गं त्यांच्या?"

तुळजानं आईकडं पाहिलं. गोजरबाई फावड्याच्या दांड्याकडं बघत होती.

"सांग की. मी काय रागावणार हाय का? तुकडा मिळाला तुमाला, चांगलं झालं. माझं माणूस आलं तर मला काय करायचाय तुकडा?"

बाजेवरून आवाज आला. तापानं जड झालेला.

"घोंगडी," पुंजाराम म्हणाला. "काळी घोंगडी व्हती म्हणली तुळजा."

सगुणाबाईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. बोटांच्या फटीतून तिचा आवाज आला. "काळीच. काळीच नेली व्हती." ती वळली, जाता जाता परत आली, तुळजाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि पळतच घराकडं गेली.

गोजरबाई फावडं खांद्यावर टाकून चालायला लागली. तुळजा शेणखताची पाटी घेऊन तिच्यामागं.

वाळूत फावडं सोपं चालतं असं वाटतं, पण ओली वाळू जड असते आणि कडेनं पुन्हा आत ढासळते. सूर्य कासराभर वर आला तोपर्यंत गोजरबाईचा चर पाच हात झाला होता. खणायचा होता तीस हात. गजानन दरडीवर पाय सोडून बसला होता, दुसऱ्या नंबरची काठी मांडीवर घेऊन.

"गोजरकाकू," तो वरून म्हणाला, "आज्ज्यानं बसवलंय मला. दिवस मावळंपर्यंत बस म्हणला. पाणी आणून देऊ का प्यायला?"

गोजरबाई खणत राहिली.

तिसरी पाटी भरून आणताना तुळजाला वाटेत सगुणाबाईचं घर लागलं. अंगण सारवलेलं होतं. दार सताड उघडं होतं. ती दरडीवर पोचली तेव्हा राजूरच्या गाडीवाटेवर एक ठिपका चालला होता, पाठीवर भाकरीचं फडकं बांधून. लांब पायांचा ठिपका.

तिनं खाली चरापाशी जाऊन पाटी ठेवली.

"माय."

गोजरबाई कमरेत वाकलेलीच होती. तिनं वर बघितलं, मग मुलीच्या नजरेच्या दिशेनं वाटेकडं बघितलं. तिच्या हनुवटीवरून घाम वाळूत पडत होता. ती चराकडं बघत राहिली, तीस हातांतल्या पाचाकडं. मग खाली वाकून तिनं तुळजाची पाटी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"जा," ती म्हणाली. "लांब गेला असंल."

तुळजा पळाली. आदल्या दिवसाचे पाय अजून दुखत होते. पहिल्या लिंबापर्यंत कचरू तीनशे पावलं पुढं होता. ती ओरडली नाही. त्या वाटेवर तिला मागून हाक मारायची नव्हती. बाभळीमागं बाभळ धरत तिनं पावलं कमी केली. तो चालत होता, ती पळत होती, तरी पहिल्या ओढ्याच्या पलीकडं तिनं त्याला गाठलं. त्याच्या खांद्याशी आली. इथं तोंड मिटायचं असतं. तिनं उघडलं.

"कचरू, मी खोटं बोलले. कुणी नव्हतं वाटंवर."

कचरू चालतच राहिला.

"बा खोटं बोलला. घोंगडी न्हाई, काही न्हाई. तू पुढं व्हतास म्हणून वरडले मी."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. समजूतदारपणे, मोठ्या माणसासारखं.

"माझ्या मायनं पाठवलं ना तुला? मी परत यावं म्हणून?"

"न्हाई रे. शपथ."

"तू खोटं न्हाई बोलत तुळजे. काल बोलली न्हाईस. आज बोलून राह्यलीस." त्यानं फडकं खांद्यावर नीट केलं. "बाकीचे वरडायचे तेव्हा मला ठाऊक असायचं. तरी मी वळायचो. तू वरडलीस म्हणून मी पळालो."

तुळजाजवळ आणखी शिकवलेलं काही नव्हतं. ती वाटेत उभी राहिली. मागं नदीकडं तिला आई दिसत नव्हती, फक्त दरडीवर बसलेला गजानन दिसत होता, मुंगीएवढा. सूर्य डोक्याकडं चढत होता. कचरू पुढं गेला, वीस पावलं, तीस.

ती पुन्हा पळाली आणि त्याच्या बरोबरीला आली. पुढं गेली नाही. त्याच्या चालीत चाल मिळवली.

राजूरला पोचले तेव्हा दुपार टळायला लागली होती. गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांखाली नारळ-फुलांची दुकानं होती. कचरू पहिल्या दुकानापाशी थांबला. त्यानं टोपी काढून हातात घेतली, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दुकानदार म्हणाला, "काय पाह्यजे? बोल जल्दी." कचरूचे ओठ नुसते हलले.

तेव्हा तुळजा पुढं झाली आणि तिनं विचारलं, "मामा, काळी घोंगडी पांघरलेला एक माणूस हिकडून गेलेला पाह्यला का तुमी?"

तो नाही म्हणाला. ती पुढच्या दुकानाकडं गेली आणि तिथंही तेच विचारलं.